तानूआत्याचा फोटो आणि भाड्याचा कॅमेरा

लोक देव बघायला निघतात, किल्ले बघायला निघतात, फार तर नातेवाईक बघायला. आम्ही नवरा-बायको नागपूरहून निघालो ते एक कॅमेरा बघायला. वाटेत देव, किल्ला आणि नातेवाईक तिन्ही लागले, हा भाग वेगळा.

मी सरकारी दवाखान्यात एकतीस वर्षं एक्स-रे काढले. हजारो माणसांचे फोटो काढले, पण एकानेही माझा फोटो घरी नेऊन भिंतीवर लावला नाही. निवृत्त झाल्यावर ठरवलं की आता माणसांचं वरचं अंग बघायचं, आणि त्यासाठी चांगला कॅमेरा घ्यायचा. मनात भरला तो मुठीएवढा होता. बाहेरून लहान, पण आतला डोळा मोठा, म्हणजे जुन्या रिळाच्या एका चौकटीएवढा. त्याला फुल-फ्रेम म्हणतात. लेन्स मात्र एकच, ती काढता येत नाही आणि लांबचं जवळही आणत नाही. झूम करायचं असेल तर आपण चार पावलं चालायचं.

"त्या किमतीत वापरलेली चारचाकी येते," हे म्हणाले. "ती चार माणसं बसवून रामटेकला तरी नेईल. हा काय करून राहिला? त्याच्याकडे आपणच चालत जायचं!"

हे म्हणजे वसंतराव. वीज मंडळात मीटर तपासायला होते. खोटं रीडिंग दाखवणाऱ्या मीटरशी त्यांचं जन्माचं वैर, आणि स्वतःच्या मोबाईलवर तितकंच प्रेम. मोबाईल असताना कॅमेरा घेणं म्हणजे घरात नळ असताना विहीर खणणं, असं त्यांचं मत.

पुण्याच्या दुकानदाराने तोडगा काढला. "मॅडम, पाच दिवस भाड्याने न्या. पटला तर हाच नग कमी किमतीत देतो." आमच्या पल्लवीचं लग्न होऊन वर्ष होत आलं होतं आणि फलटणजवळ तिच्या सासरी जायचं राहूनच गेलं होतं. जावई आणि ती पुण्यात नोकरीला, त्यांना सुट्टी नव्हती. तेव्हा आम्ही दोघंच निघालो, आधी सातारा, मग तिचं सासर, आणि शेवटी सांगली. हिवाळा होता, गळ्यात कॅमेरा होता, आणि शेजारी मोबाईल हातात धरून माझा प्रतिस्पर्धी.

साताऱ्यात

पहिला मुक्काम सातारा. स्टँडवर उतरल्या उतरल्या कंदी पेढ्याच्या दुकानात शिरलो. आमच्याकडची संत्रा बर्फी मवाळ, लाजरी. हा पेढा भाजून भाजून तांबूस झालेला, रानात उन्हातान्हात राबून आल्यासारखा. मी लेन्सभोवतीचं कडं जवळच्या फोटोसाठी फिरवलं आणि वाकून पेढ्यांचे फोटो घेत बसले. वरचा रवा नि रवा दिसत होता.

"मॅडम, खावा की," दुकानदार म्हणाला. "फोटू काढून प्वाट भरतंय व्हय?"

खाल्ले. मग संध्याकाळी अजिंक्यताऱ्यावर गेलो. वरून अख्खं शहर दिसत होतं. उन्हं कलत होती, घरांमधून चुलीचा की कशाचा धूर उठत होता, दूर यवतेश्वराचा डोंगर निळा पडला होता. मी चाळीसएक फोटो घेतले. हे माझ्या शेजारी उभं राहून मोबाईलवर झूम करत होते आणि खालच्या दुकानांच्या पाट्या मला मोठ्याने वाचून दाखवत होते.

खोलीवर येऊन पाहते तो चाळीसच्या चाळीस फोटोंत धुकं. शहर नाही, डोंगर नाही, नुसता निळसर डाग. पेढ्यासाठी फिरवलेलं ते कडं मी परत जागेवर आणलंच नव्हतं. कॅमेऱ्याला वाटलं, अख्खं शहरही पेढ्याएवढंच जवळ आहे.

हे घरच्या ग्रुपवर सात फोटो पाठवून मोकळे झाले. दोन मिनिटांत नागपूरहून तेरा अंगठे आले.

फलटणच्या अलीकडे

दुसऱ्या दिवशी दुपारी व्याही जीप घेऊन आम्हाला न्यायला आले. ते फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त झालेले, सगळा गाव त्यांना सुभेदारसाहेब म्हणतो. ताठ उभे राहिले, माझ्याकडे बघून हात जोडले, ह्यांचा हात असा दाबला की संध्याकाळपर्यंत हे चमचा डाव्या हाताने धरत होते.

गावाला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊसच ऊस. तोड चालू होती. उसाच्या ट्रॉल्या एवढ्या भरलेल्या की मागून बघताना एखादं वाळलेलं रान डुलत निघाल्यासारखं वाटावं. आमच्या विदर्भात कापूस असा डोक्यावर येत नाही, तो पायाशी नम्र असतो. इथल्या पिकातही फौजी ताठा आहे.

घर नवं, स्लॅबचं, ओट्यावर ट्रॅक्टरच्या चाव्या आणि दारात दोन म्हशी. विहीणबाई पुढे आल्या. आमच्याकडे पाहुण्याला आधी पाणी देतात, मग विचारतात चहा घेणार का. इथे विचारतच नाहीत. पाणी, चहा, पुन्हा चहा, आणि तिसरा नको म्हटलं तर "आवं ताई, च्या घ्येतला न्हाई म्हंजी रागावला काय आमच्यावं?"

रात्रीच्या जेवणाला बाजरीची भाकरी, खर्डा आणि मटणाचा रस्सा. ह्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं की सावजी खाल्लेल्या माणसाला तिखटाचं भय नसतं. सुभेदारसाहेब म्हणाले, "मग वाडा गं पाव्हण्याला, लाजू नगा." पहिल्या वाटीला हे हसले. दुसऱ्या वाटीला गप्प झाले. तिसऱ्या वाटीला उचकी लागली ती झोपेपर्यंत गेली नाही. पण नागपूरचं नाक राखायचं म्हणून उचकीच्या मधल्या मधल्या फटीत ते "मस्त" एवढंच म्हणत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ओट्यावर कॅमेरा पुसत बसले होते, तेव्हा तानूआत्या आल्या. तानूआत्या म्हणजे सुभेदारसाहेबांच्या आत्या. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, एके काळी गावच्या सरपंच, दोन घरं सोडून एकट्या राहतात. काठी आहे, पण ती टेकायला नाही, दाखवायला.

"ही डबी कसली गं बाय?"

"कॅमेरा आहे आत्या. फोटो फार छान येतो ह्यात."

"मग माझा काड," त्या म्हणाल्या. "मेल्यावर लावायचा."

माझ्या हातातलं फडकं खाली पडलं. विहीणबाई आतून ओरडल्या, "आत्या, पाव्हण्यांम्होरं काय बोलताय आसं!"

"काय चुकीचं बोलले?" आत्या म्हणाल्या आणि मला हाताला धरून आपल्या घरी घेऊन गेल्या. पुढच्या खोलीत त्यांच्या यजमानांचा हार घातलेला फोटो होता. चेहरा धूसर, मान थोडी वाकडी, आणि डाव्या खांद्यावर दुसऱ्या कुणाची तरी चार बोटं.

"ही बोटं कुणाची?" मी विचारलं.

"आमच्या चुलत दिराची. मालक गेलं तवा घरात एक फोटू न्हवता. कुणाच्यातरी लग्नात सगळी उभी ऱ्हायल्याली, त्यातनं कापून काडला. जित्तेपणी बांधावरनं आमच्याशी भांडला, आन आता भितीवर माझ्या नवऱ्याच्या खांद्याव हात टाकून बसलाय. रोज उदबत्ती लावते म्या. नवऱ्याला लावते का दिराला, द्येवालाच ठावं." त्यांनी काठी आपटली. "माझं आसं व्हायला नगं. माझा आधीच काडून ठेवायचा. निवांत. एकटीचा."

मी होकार दिला. आत्या तीन लुगडी बदलून आल्या आणि शेवटी पहिल्याच हिरव्या इरकलीत बसल्या. खिडकीतून छान उजेड येत होता. ही लेन्स लांबून चेहरा घेत नाही, म्हणून मी जवळ गेले. अजून जवळ गेले. हातभर अंतर उरलं तेव्हा आत्या मागे सरल्या.

"लय जवळ आलीस गं! मुका घ्येतीस का काय?"

आणि मग माझ्या तोंडून एकतीस वर्षांची सवय बाहेर पडली. "श्वास घ्या... धरून ठेवा."

आत्यांनी श्वास धरला. मी कडं फिरवत बसले, अजिंक्यताऱ्याची चूक पुन्हा नको म्हणून. उजेड बघितला, आकडे बघितले. वर बघते तर आत्या लालबुंद, डोळे बाहेर.

"सोडा, सोडा!"

"आगं मेल्यावर लावायचा म्हनले," आत्या भुसकन श्वास सोडून कडाडल्या, "आत्ताच मारतीस व्हय!"

त्या कडाडल्या त्या क्षणी मी बटण दाबलं. त्या शांत झाल्यावर माझ्या खांद्यामागून ह्यांनीही मोबाईलवर एक काढला.

तासाभरात बातमी गावभर झाली. अकरा म्हातारी माणसं स्वच्छ कपडे घालून सुभेदारसाहेबांच्या ओट्यावर हजर झाली. सुभेदारसाहेबांनी त्यांना उंचीप्रमाणे रांगेत उभं केलं आणि "हिलू नगा" असा हुकूम सोडला. दुपारपर्यंत मी फोटो काढत होते. मरणाची तयारी एवढ्या हसतखेळत चाललेली मी दवाखान्यात कधी पाहिली नव्हती.

संध्याकाळी आत्यांनी दोन्ही फोटो बघितले, म्हणजे कॅमेऱ्याच्या आणि मोबाईलच्या पडद्यावर, चष्मा पुसून पुसून. "हितं काय कळंना. तुमी सांगलीला चाललाय न्हवं? माधवनगरात माझी लेक हाय, शालन. मोठं करून तिला दावा. ती सांगंल त्यो लावायचा."

हे माझ्याकडे वळले. "चला, पैज. लेक भिंतीसाठी जो फोटो निवडेल तो खरा. मोबाईलचा निवडला तर कॅमेऱ्याचं नाव काढायचं नाही."

"आणि कॅमेऱ्याचा निवडला तर?"

"तर मी तोंडातून शब्द काढणार नाही."

हे आमिष फार मोठं होतं. मी हात पुढे केला.

औंधच्या पायऱ्या

सांगलीला जाताना सुभेदारसाहेबांनी आम्हाला औंधपर्यंत जीपने सोडलं. यमाईचं मूळ ठाणं डोंगरावर आहे. वर गाडीरस्ता जातो, पण सुभेदारसाहेब म्हणाले, "पायऱ्यांनी चला, थंडी जाईल." थंडी पन्नासाव्या पायरीला गेली. शंभराव्या पायरीला माझी विहीण म्हणून असलेली प्रतिष्ठाही गेली, मी सरळ पायरीवर बसले.

वर पोचलो तेव्हा वारा असा की पदर हातात राहीना. तटावरून खाली गाव, तळी, उघडं माळरान आणि मधेच उसाचे हिरवे तुकडे. देवीचं दर्शन घेतलं, आणि जिच्यासाठी एवढं चढून आले होते ती चौकट डोळ्याला लावून बटण दाबलं. कॅमेरा मेला होता. ह्या लहान यंत्राचं पोटही लहान, दुपारच्या आत भूक लागते. दुसरी बॅटरी होती, पण ती खाली जीपमध्ये.

"निघायच्या आदी सामान तपासायचं आसतंय," सुभेदारसाहेब सौम्यपणे म्हणाले. फौजेतही ते असंच सौम्यपणे म्हणत असतील का, असा विचार मनात आला.

ह्यांनी मोबाईल काढला. चार फोटो घेतले. मग माझ्याकडे बघून, अगदी उदारपणे, "तुलाही पाठवू का?" असं विचारलं.

माधवनगर

औंधहून विट्याची एसटी, तिथून सांगली. रात्री लॉजवर मी सगळ्यात आधी बॅटरी चार्जिंगला लावली, मग पाय पसरले. सकाळी भडंगाची पुडी घेऊन माधवनगरला गेलो. पूर्वी इथे कापडाच्या गिरण्यांचे भोंगे वाजायचे म्हणे. आता भोंगे नाहीत, पण एखाद्या बोळातून मागांची खटखट अजून येते.

तिथे दस्तगीरभाईंचा फोटो स्टुडिओ सापडला. साठी ओलांडलेले, केसांना मेंदी. कॅमेरा बघताच त्यांनी आधी हात रुमालाला पुसले, मग तो दोन्ही हातांत घेतला, जसं लहान बाळ घ्यावं. डोळ्याला लावला, खाली केला, पुन्हा लावला. मला वाटलं, मिळाला आपला साक्षीदार.

दोन्ही फोटो मोठ्या कागदावर छापून आले. शेजारी शेजारी ठेवले. माझ्या फोटोत आत्या कडाडत होत्या. कपाळाच्या आठ्या, डोळ्यांतली ठिणगी, लुगड्याच्या काठाचा धागा न् धागा. ह्यांच्या फोटोत आत्या शांत, उजळ, दहा वर्षांनी लहान.

"आता सांगा," मी म्हणाले.

दस्तगीरभाईंनी चष्मा वर केला. "मॅडम, मशीन तुमचं एक नंबर. माझ्याकडं आसतं तर उशाला घेऊन झोपलो आसतो. पण लोकांना ह्यो साहेबांचाच आवडतो बगा. लग्नाच्या अल्बमात मी बी सगळ्यास्नी गोरं करतो. न्हाई केलं तर नवरीची आय माझ्याशी बोलत न्हाई."

हे भडंग खात होते. चावण्याचा आवाज मला उगाच विजयी वाटला.

शालनताई ब्लाउज शिवतात, साड्यांना फॉल लावतात. मशीनवरून उठून आल्या, आम्ही कोण ते कळल्यावर "आवं, मग उभं का? बसा की!" म्हणून खुर्चीवरची कापडं उचलली. चहा ठेवला. मग पाकीट उघडलं.

पहिला हाती आला तो मोबाईलचा. "आगं बया! आई किती ग्वाड दिसतीया!" मग माझा. त्या हसल्या. "ही भांडतीया कुणाशी?"

"माझ्याशी," मी म्हणाले.

आम्ही भिंतीवरच्या फोटोचं सांगितलं. पैजेचं सांगितलं नाही. शालनताईंनी दोन्ही फोटो कपाटाला टेकवून उभे केले, मागे सरकून बघितले आणि फार वेळ न घेता मोबाईलच्या फोटोवर बोट ठेवलं. "भितीला ह्यो. येणाराजाणारा बघंल, आईला बी पटंल."

संपलं. हे खोकले. मी चहाचा घोट घेतला, तो थंड होता की गरम, आठवत नाही.

मग शालनताईंनी माझा फोटो उचलला आणि दाराशी उजेडात नेला. बोट आईच्या डाव्या भुवईच्या वर ठेवलं. तिथे एक बारीक तिरकी खूण होती. काढताना मला दिसली होती, पण मी तिला आठीच समजले होते.

"ह्यो मला द्या," त्या म्हणाल्या. "मी सहावीत व्हते. चुलता म्हणला, पोरीला शाळा बास, आन मला खोलीत कोंडून बाहीरनं कडी घातली. आईनं दार वडून कडी तोडली, ती उडून हितं लागली. रगात पदरानं दाबलं, आन तशीच मला शाळंत पोचवून आली. मास्तर म्हणलं, बाई, आदी दवाखान्यात जावा. ही म्हणली, आदी हिची हजेरी लावा."

त्यांनी दुसरा फोटोही उजेडात नेला. तिथे भुवईच्या वर गुळगुळीत कातडी होती. आठ्या पुसल्या गेल्या होत्या, त्यांच्याबरोबर ती खूणही.

"ह्याच्यात न्हाईच की," शालनताई म्हणाल्या. तक्रार नव्हती, नुसतं सांगणं होतं. "आसू द्या. भितीला काय, ह्यो चालंल."

परत

सांगली स्टेशनवर हे तिकिटांच्या रांगेत उभे असताना मी बाजूला जाऊन एक फोन केला. त्याचं पुढे सांगते.

गाडीत बसल्यापासून ह्यांची मान मोबाईलमध्ये. काहीतरी शोधत होते. कराड गेलं. मसूर गेलं. शेवटी त्यांना ते सापडलं. मोबाईलच्या कॅमेऱ्यात, तीन दारं उघडून आत गेल्यावर, चेहरा सुंदर करण्याचं एक बटण होतं आणि ते विकत घेतल्या दिवसापासून चालू होतं.

"मी काही केलं नव्हतं," हे म्हणाले. "मला विचारलंसुद्धा नाही त्यानं. न विचारता पुसून राहिला!" मग ते मागचे फोटो उघडून बघू लागले. पल्लवीचं लग्न. वहिनींची एकसष्टी. मीही, सगळीकडे गुळगुळीत. "चार वर्षं खोटं रीडिंग घेऊन राहिलो मी, आणि ग्रुपवर पाठवून राहिलो!"

मी म्हणाले, बटण बंद करा, झालं. त्यांनी बंद केलं. मोबाईल बिचारा तसा वाईट नव्हता, हे मीही कबूल करते. पण एकदा खोटं बोललेल्या मीटरवर ह्यांचा विश्वास पुन्हा बसत नाही.

साताऱ्याच्या अलीकडे ते म्हणाले, "पैज मी जिंकली ना?"

"जिंकली."

"मग जिंकणाऱ्याचं ऐकायचं. घे तो कॅमेरा."

मी थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं. मग गंभीरपणे म्हणाले, "बरं. तुम्ही एवढं म्हणताय तर." सांगलीच्या स्टेशनावरून मी दुकानदाराला 'हाच नग ठेवा, मी घेतेय' असं सांगून मोकळी झाले होते, हे त्यांना हे वाचूनच कळेल.

आता लोक विचारतात, असा कॅमेरा घ्यावा का? लांबचे किल्ले, उडते पक्षी, देवळाचे कळस काढायचे असतील तर नका घेऊ. दुपारच्या आत दम तोडतो, कडं विसरलात तर धुकं दाखवतो, आणि त्या किमतीत खरंच वापरलेली चारचाकी येते. ज्यांना माणसाच्या हातभर जवळ जायचा संकोच वाटतो त्यांनी तर घेऊच नये. समोरचं माणूस आपल्यावर ओरडतं. मी घेतला कारण मला ते ओरडणं आवडलं.

महिन्याभराने सुभेदारसाहेबांचा फोन आला. शालनताईंनी भिंतीवरचा फोटो चौकटीत घालून गावी आणून दिला होता. आत्यांनी तो लगेच यजमानांच्या शेजारी लावला, आणि नुसता बरा दिसेना म्हणून त्याला हारही घातला. त्याच आठवड्यात शेजारच्या वाडीचे एक गृहस्थ काही कामाला म्हणून आले. आत्यांच्या विरोधात सरपंचपदाला तीनदा उभे राहिलेले. दारातून फोटो बघितला आणि मट्कन खाली बसले.

"थांबा, आत्याच बोलत्यात," सुभेदारसाहेब म्हणाले.

"आगं बाय, लय रडला गं त्यो," आत्यांचा आवाज आला. "जलमभर माझ्याइरुद्ध प्यानल उभं केलं. आन फोटूम्होरं पोरावानी रडला. म्हणं, आता भांडू कुणाशी?"

"मग तुम्ही बाहेर आला नाहीत?"

"लगीच कशापायी? पडद्याआडनं बघत हुते की. पुरतं रडू दिलं."

"आणि मग?"

"मग काय," आत्या म्हणाल्या, "भायेर आले. च्या दिला. साखर वाईच जादा घातली."